मापाचा ब्लाऊज

पत्र

ताई, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ३२. पाच एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि तूर. गेल्या वर्षीपासून बचत गटांची बँक सखी म्हणून काम करते. आठवड्यातून चार दिवस एसटीनं तालुक्याला जाऊन बँकेत बसावं लागते. काम जमते, कपड्यांचं जमत नाही.

लग्नात ४८ किलो होती, आता ७१ आहे. दुसऱ्या लेकरानंतर नसबंदी केली तेव्हापासून पोट सुटलं ते सुटलंच. ब्लाऊज काखेत काचतात. वरच्या फळीवरची फाइल काढायला हात उचलला की ब्लाऊज वर सरकते. बँकेतल्या मॅडम किती नीटनेटक्या असतात! मी आपली दोन्ही खांद्यांवरून पदर ओढून बसते. रंग सावळा म्हणून साड्याही फिक्याच घेते. मोबाइलवरून एक कुर्ता मागवला होता, डबल एक्सएल. तोही छातीत अडकला.

मागच्या लग्नात मामेसासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “मायबाई, किती जाडी झाली वं हे!” तिथे हसले, घरी येऊन रडले. आता रात्रीची भाकर सोडली आहे. परकराची नाडी आवळून बांधते, म्हणजे पोट जरा आत राहते.

परवा माझी नऊ वर्षांची मुलगी आरशासमोर पोट आत ओढून उभी होती. म्हणे, “आई, फोटोत मी अशी उभी राहीन.”

माझ्याजवळ २५०० रुपये आहेत. लाडकी बहीणचे १५०० आणि मानधनातले १०००. दिवाळीपर्यंत एवढेच. काय घेऊ म्हणजे पोट दिसणार नाही? इकडे साध्या ब्लाऊजची शिलाई २०० रुपये पडते. ड्रेस घालावासा वाटते, पण सासूबाईंना कसं विचारू?

नाव छापू नका.

उत्तर

ताई, नाव छापलं नाही. बाकीचं सगळं नंतर बोलू, आधी ती नाडी सैल करा. आजच.

२०२४ साली वर्ध्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन बायांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. दोघी उतारवयाच्या. एकीची परकराची नाडी, दुसरीची लुगड्याची गाठ, वर्षानुवर्षं कमरेत एकाच जागी आवळलेली. तिथली कातडी घासत गेली, जखम झाली, ती भरेना, आणि शेवटी त्या जखमेतून कातडीचा कर्करोग निघाला. अशी पाळी फार क्वचित कुणावर येते, तुम्हाला भेवडवायला मी हे लिहीत नाही. पण कमरेवरचा काळा पडलेला पट्टा, खाज, सोललेली कातडी आपल्याकडे घरोघरी आहे, आणि बाया ‘हे तर राहतेच’ म्हणून सोडून देतात. तुमच्या कमरेवर असं काही असेल आणि दोन-तीन आठवड्यांत जखम भरत नसेल, तर डॉक्टरला दाखवा. लाजू नका. आणि यापुढे परकर शिवाल तो दोन-अडीच इंच रुंद पट्ट्याचा शिवा. साडीचं सगळं वजन बारीक नाडीवर येते तेव्हा ती कातडीत रुतते. रुंद पट्ट्यावर तेच वजन पसरते.

नसबंदीबद्दलही एक गैरसमज काढून टाकते, कारण गावोगावी बाया त्या ऑपरेशनला बोल लावतात. त्यात फक्त बीजवाहिन्या बंद करतात. अंडाशयं असतात तशीच राहतात, त्यांचं काम आधीसारखंच चालते. त्यानं पोट सुटत नाही. पोट बदलते ते बाळंतपणांनी. गरोदरपणात पोटावरचे दोन उभे स्नायू मधून एकमेकांपासून दूर होतात. काही जणींचे नंतर जवळ येतात, काही जणींचे पुरते येतच नाहीत, आणि पोट पुढे दिसत राहते. यात तुमचा आळस कुठे आला? हां, थकवा फार वाटत असेल, पाळी पुढेमागे होत असेल, वजन अजून वाढतच असेल, तर ग्रामीण रुग्णालयात थायरॉइड, साखर आणि रक्त तपासून घ्या. रात्रीची भाकर मात्र पुन्हा सुरू करा. सकाळी पाचला उठून स्वयंपाक, मग एसटी, मग बँक, सुट्टीच्या दिवशी कापूस वेचणी. एवढं राबणाऱ्या बाईनं उपाशी झोपणं मला पटत नाही.

आता कपड्यांचं. एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही, तरी मला ठाऊक आहे. नवीन ब्लाऊज शिवायला टाकताना तुम्ही टेलरला मापाचा ब्लाऊज देता. बहुतेक लग्नाच्या वर्षी शिवलेला, नाहीतर मोठ्या लेकराच्या बारशातला. ‘याच मापाचा शिवा, थोडा सैल ठेवा.’ बरोबर ना? आपण सगळ्याच जणी हेच करतो. दुकानात पुरुष टेलर असतो, त्याच्यासमोर टेप लावून घ्यायची लाज वाटते, म्हणून पिशवीतून जुना ब्लाऊज काढून काउंटरवर ठेवला की काम झालं. मग तो बिचारा त्या जुन्या ब्लाऊजवर अर्धा इंच वाढवतो आणि शिवून देतो. त्या ब्लाऊजच्या वेळी तुमचे खांदे वेगळे होते, दंड वेगळे होते, लेकरं पाजलेली नव्हती. म्हणजे तुम्ही दरवर्षी नवीन कापड आणता आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या अंगासाठी शिवून घेता. काखेत काचणार नाही तर काय होईल?

माझी आई हिंगणघाटला घरी शिवणकाम करायची. आमच्या ओसरीत मशीन होती, मी तिच्या बाजूला बसून काज करायची. आईकडे मापाचा ब्लाऊज चालत नसे. ती दाराला पडदा लावायची आणि टेप घ्यायची. मी पाहिलं आहे, टेप छातीवरून खाली कमरेशी आली की झाडून सगळ्या बाया श्वास रोखायच्या. लठ्ठ असो की काडीपैलवान, नवी सून असो की आजी. पोट आत जायचं, खांदे वर चढायचे. आई टेप तशीच धरून थांबायची. मग हळूच म्हणायची, “श्वास सोड बाई, मग मोजतो.” कुणी हसायची, कुणी नाही म्हणायची, पण आई मोजतच नसे. श्वास सोडल्यावर आकडा दीड-दोन इंचांनी वाढायचा. तो ती मोठ्यानं कधी म्हणत नव्हती, वहीत लिहून वही मिटायची. तिचे ब्लाऊज घालून बाया कापूस वेचायच्या, पाणी भरायच्या, आणि बाही फाटली म्हणून कुणी परत आलेली मला आठवत नाही.

म्हणून तुमचं पहिलं काम खरेदीचं नाही, मापाचं आहे. गावात किंवा शेजारच्या गावात शिवणारी एखादी बाई असेलच, बचत गटातच सापडेल. तिच्याकडे जा. छाती, छातीच्या खालचा घेर, कंबर, खांदा, मुंढा (बाही जोडतात तिथला घेर), दंडाचा घेर, ब्लाऊजची उंची, एवढं टेपनं घ्यायला सांगा. मुंढ्याचं माप घेताना हात थोडा पुढे करा, फाइल उचलल्यासारखा. काचणारे ब्लाऊज बहुतेक तिथेच चुकलेले असतात, छातीत नव्हे. ब्लाऊज वर सरकते म्हणता, तर उंची एक इंच वाढवून घ्या. आणि शिवणारीला बजावून सांगा की दोन्ही बाजूंना आत दीड-दीड इंच दाब, म्हणजे जास्तीचं कापड, ठेव आणि तीन टिपा मार.

या तीन टिपांचं गणित समजून घ्या, फार कामाचं आहे. बाजूच्या शिलाईला पाव-पाव इंचावर तीन टिपा असतात. आतली एक टीप उसवली की पुढच्या भागाला पाव इंच आणि मागच्या भागाला पाव इंच कापड मोकळं होते. दोन्ही बाजू मिळून झाला एक इंच. दोन टिपा उसवल्या तर दोन इंच. घरी ब्लेडनं नाही, सुईच्या टोकानं एकेक टाका उचलून उसवायचं, म्हणजे कापड फाटत नाही. तुमच्या पेटीतले जुने ब्लाऊज आज रात्री उलटे करून पाहा. ज्यात दाब शिल्लक आहे ते अर्ध्या तासात अंगाला बसतील, एक रुपयाही न लागता. ज्याचा फक्त मुंढा काचतो त्याला काखेत चौकोनी तुकडा लावून मिळतो. तो तुकडा त्याच साडीच्या ब्लाऊजपीसमधून उरलेला निघाला तर उत्तम, नाही निघाला तरी काखेत कोण पाहते?

हे लिहिताना मला माझी आजी आठवते. तिची चोळी पुढून गाठीची होती. हुक नाही, टक्स नाही. लग्नाआधी, पोटुशी असताना, लेकरू पाजताना, म्हातारपणी, चोळीची तऱ्हा तीच. अंग भरलं तर गाठ टोकाला मारायची, उतरलं तर ओढून मारायची. वर नऊवारी, म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, ज्याला कुठे शिलाईच नाही. त्या कपड्यानं तिला जन्मात एकदाही सांगितलं नसेल की तू जाड झालीस. आणि तेव्हा नवी सून सासरी येऊन जरा भरली की बाया म्हणत, ‘पाणी मानवलं हिला.’ कौतुकानं म्हणत. तेच अंग, तेच भरणं. हुकाचा ब्लाऊज आणि तयार कपडे आले आणि अंगानं कपड्याच्या मापात बसायचं असं होऊन बसलं. आजीच्या काळात सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही, तिचे हाल मी पाहिले आहेत. पण कपडा आपल्यासाठी असतो, हे तिला शिकवावं लागलं नव्हतं.

मोबाइलवरून मागवलेल्या त्या डबल एक्सएल कुर्त्याचंही मनाला लावून घेऊ नका. एल, एक्सएल, डबल एक्सएल या अक्षरांना आपल्याकडे ठरलेला अर्थच नाही. एका कंपनीचा एक्सएल छातीत ४० इंच, दुसरीचा ४२. बऱ्याच कंपन्या इंग्लंड-अमेरिकेचे तक्ते थोडे इकडेतिकडे करून वापरत आल्या. भारतीय माणसांची अंगं मोजून तक्ता करायचं काम निफ्ट या सरकारी संस्थेनं २०१८ मध्ये जाहीर केलं. सहा शहरं, २५ हजार माणसं. दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरू आणि शिलाँग. त्यात वेचणी करणारी, डोक्यावर भारे वाहणारी, दंड-खांदे कसलेली दारव्ह्याची बाई कुठून येणार? पुढे कधी मागवलंच, तर अक्षर पाहू नका. खाली इंचांचा तक्ता असतो, तो तुमच्या वहीतल्या मापाशी ताडून पाहा आणि छातीत तीन-चार इंच जास्त असेल तोच घ्या.

कापडाबद्दल माझं मत ठाम आहे. आपण पिकवतो कापूस आणि नेसतो पॉलिस्टर, याचं मला वाईट वाटते. तुमच्या पेटीत आहेराच्या किती साड्या आहेत? वीस? त्यातल्या अठरा तरी सिंथेटिक असतील, कारण आहेराला कमी पैशात चमकणारी साडी लागते. आपल्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. सुताचा धागा वजनाच्या आठेक टक्के ओलावा सहज धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून त्या साडीत घाम अंगावरच राहतो, कापड चिकटते, आणि पोटाची प्रत्येक वळी उठून दिसते. तुम्हाला वाटते पोट दिसते, दिसत असते ते चिकटलेलं पॉलिस्टर. वरून पुन्हा दोन्ही खांद्यांवर पदर! सुती साडी अंगापासून जरा सुटी राहते, तिला स्वतःचा ताठपणा असतो. भाताची पेज गाळून, पातळ करून तिची खळ द्या, उलटी करून सावलीत वाळवा, नीट घडी घालून रात्रभर गादीखाली ठेवा. इस्त्रीचे पैसे वाचले. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तर काठाचा एक धागा ओढून बाहेर येऊन काडी लावून पाहा. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि राख चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते.

रंगाचं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. तुमच्याच भागात, दिग्रस-पुसदकडे, तांड्यावरच्या गोर बंजारा बाया पाहा. उन्हानं रापलेली कातडी आणि अंगावर गडद लाल फेटिया म्हणजे घागरा, आरशांची कांचळी म्हणजे चोळी. बाजारात शंभर बायांत नजर आधी त्यांच्यावर जाते. सावळ्या अंगाला गडद रंग खुलतो. कथ्था, गडद हिरवा, हळदीपिवळा, जांभळा. फिक्या गुलाबीत आणि राखाडीत तुम्ही स्वतःला पुसून टाकता आहात. एवढं पुरे, यावर जास्त काही नाही.

२५०० रुपये मी असे लावीन. साड्या आत्ता कमी, आधी आतलं आणि शिलाईचं. तीन ब्लाऊज, काळा, कथ्था आणि हळदी. प्रत्येक साडीला मॅचिंगच्या भानगडीत पडू नका, या तीन रंगांत तुमच्या बहुतेक साड्या बसतील. कापड पूर्ण सुती टू बाय टू मागा, मिक्स नको, आणि बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. नवीन सूत पहिल्या धुण्यात आटते, ते शिवल्यावर आटलं की पुन्हा तेच काचणं. कापड आणि शिलाई धरून ९०० च्या आसपास जातील. दोन परकर, रुंद पट्ट्याचे, सहा कळ्यांचे. चुण्यांच्या परकराला कमरेवर सगळ्या चुण्या गोळा होतात आणि पोटावर आणखी एक गठ्ठा तयार होतो. कळ्यांचा परकर कमरेला सपाट बसतो, खाली घेर मिळतो. त्याचे ५०० धरा.

आणखी ५०० ब्रेसियरसाठी. यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते. आठवडी बाजारात ताडपत्रीवरच्या ढिगातून, आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना असं पाहत, दोन मिनिटांत उचलायची आणि पिशवीत टाकायची, ही आपली खरेदी. मग खांद्याच्या पट्ट्या रुततात, पाठीमागचा पट्टा वर चढतो आणि नवीन ब्लाऊजही वाकडा दिसतो. तालुक्याला बाईमाणूस बसते अशा दुकानात जा. पाठीमागचा पट्टा पुढच्या पट्ट्याच्या सरळ रेषेत राहिला पाहिजे, त्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, आणि नवीन असताना शेवटच्या हुकावर, म्हणजे सर्वांत सैल, नीट बसली पाहिजे. वापरून सैल पडली की आतल्या हुकावर जाता येते. दोनच घ्या, पण बसणाऱ्या घ्या. आणि कृपा करून ब्रेसियर साडीखाली लपवून वाळत घालू नका. सगळ्या गावच्या बाया तेच करतात, कपडा आतून ओला राहतो, आणि काखेत, छातीखाली गजकर्ण उठते. ऊन लागू द्या. दोरीवर दिसलं तर दिसलं.

उरले ६००. त्यात एक साधी सुती साडी, घासाघीस करून. गडद.

बँकेतल्या मॅडम नीटनेटक्या दिसतात म्हणता, त्यांचं अंग तुमच्यापेक्षा बारीक असेलही, नसेलही. त्यांच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहा. खांद्यावर पदराच्या निऱ्या पिनेनं बसवलेल्या असतात, ब्लाऊज खांद्यावर सुरकुतत नाही, हात मोकळे असतात. एवढंच आहे ते. पिन लावताना तिच्यात एक बारीक मणी ओवा, म्हणजे साडी पिनेच्या वेटोळ्यात अडकून फाटत नाही. आणि पदर एकाच खांद्यावर. उकाड्यात दोन्ही खांदे झाकून, एका हातानं पदर सावरत, दुसऱ्या हातानं बायांची स्लिप भरताना तुम्हाला किती त्रास होत असेल! समोर गटाच्या बाया त्यांच्या पैशाच्या काळजीनं बसलेल्या असतात. त्यांना तुमचे दोन्ही हात हवेत.

ड्रेसचं म्हणाल, तर सासूबाईंना परवानगी मागू नका, लुगडं मागा. म्हणजे असं. त्यांचं एखादं जुनं सुती लुगडं पेटीत असेल. मध्ये विरलेलं, दोन्ही टोकांनी अजून धडधाकट. त्या म्हणत असतील, कोण नेसते आता. त्यांना म्हणा, “याचा मले कुर्ता-सलवार शिवून द्या म्हणतो, बँकेत एसटीतून चढा-उतरायला बरं पडते.” सव्वाआठ मीटरातून विरलेलं कापून काढलं तरी एका बाईचा कुर्ता आणि सलवार सहज निघते, जुन्या सुताइतकं मऊ कापड विकत मिळत नाही, आणि काठ गळ्याला, बाहीला लावला की शोभा वेगळीच. स्वतःचं लुगडं सुनेच्या अंगावर पाहून नाही म्हणायला सासूबाईंनाही जड जाईल. माझ्या आईनं नऊवारी सोडून गोल साडी नेसली तेव्हा आमच्या घरी पंधरा दिवस अबोला होता. मग आजीच म्हणाली, ‘विहिरीवर बरं पडते म्हणते तर नेसू दे.’ कामाच्या सोयीपुढे आपल्या बाया नमतात, कारण त्या स्वतः आयुष्यभर कामच करत आल्या. तरीही त्या नाही म्हणाल्या, तर यावर्षी ब्लाऊज-परकरावर भागवा आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा विचारा. घरातली शांतता तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते.

मामेसासूबाईंना उलट बोलून काही मिळणार नाही, आणि हसून ते गिळलंत तर रडू घरी येते, ते तुम्ही लिहिलंच आहे. पुढच्या लग्नात त्या तेच म्हणतील. तेव्हा सरळ म्हणा, “हो जी, झाली. तुमचं गुडघ्याचं कसं आहे?” हो म्हटलं की त्या बोलण्याची हवा निघते. आणि गुडघ्याचं खरंच मनापासून विचारा. त्या वयात सगळ्यांचं काही ना काही दुखते आणि सुनांपैकी कुणी विचारत नाही.

राहिली तुमची लेक. तिला बसवून ‘पोट आत ओढू नको, तू सुंदर आहेस’ असं काही सांगू नका. नऊ वर्षांचं लेकरू सांगितलेलं विसरते. तिनं जे केलं ते तुम्हाला पाहून केलं, रोज सकाळी नाडी आवळताना, फोटोत मागच्या रांगेत जाताना. हे दोष म्हणून लिहीत नाही. तुम्हीही कुणाला तरी पाहूनच शिकलात. पण जे पाहून शिकली, ते पाहूनच बदलेल. म्हणून माप द्यायला जाल तेव्हा तिला सोबत न्या. पेन आणि तिची वही तिच्याच हातात द्या, शिवणारी बाई सांगेल ते आकडे तिला लिहू द्या. ३८, ४०, जे असतील ते. ती मोठ्यानं वाचेल, वाचू द्या. टेप कमरेशी येईल तेव्हा तुमचा श्वास आपोआप रोखला जाईल. तो सोडा, पूर्ण सोडा, ती पाहत असताना.

आणि वहीच्या त्या पानावर तारीख टाकायला सांगा. पुढच्या वर्षी पुन्हा नवीन माप घ्यायचं आहे.